कोळसा, उत्प्रेरक आणि झरीचा हिशेब

झरी हे नाव या पृष्ठाच्या वाचकाला नव्याने सांगावे लागत नाही. २३ मे १९४५ रोजी तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील या गावी सुमारे पाच हजार वारली जमले. वेठबिगार करायची नाही आणि दिवसाला बारा आणे रोख मजुरी मिळाल्यावाचून जमीनदाराच्या खाजगी जमिनीवर राबायचे नाही, असे तेथे ठरले. त्याच वर्षी गवतकापणीच्या हंगामात पाचशे पौंड गवतामागे अडीच रुपये या दराची मागणी पुढे आली आणि १० ऑक्टोबर रोजी तलवाडा येथे झालेल्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जणांचे प्राण गेले. हे गवत मुंबईच्या तबेल्यांतील जनावरांसाठी जात असे. मुंबईच्या दुधाच्या भावात त्याची किंमत धरलेलीच असे. ती कापणाऱ्याच्या हाती मात्र पोहोचत नसे.

या जुन्या हिशेबाची आज पुन्हा आठवण व्हावी याला निमित्त रसायनशास्त्राचे आहे, हे वाचून काहींना नवल वाटेल. रासायनिक कारखान्यांत आजवर जी कामे पॅलॅडियम, प्लॅटिनम, निकेल, पारा यांसारख्या धातूंकडून करून घेतली जात, त्यांपैकी काही आता कार्बनकडून, म्हणजे ग्रॅफाइट, क्रियाशील कोळसा किंवा साध्या सेंद्रिय रेणूंकडून करून घेता येतील, अशी आशा गेली पंचवीस वर्षे वाढत्या आवाजात बोलून दाखवली जात आहे. २०२१ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक बेंजामिन लिस्ट व डेव्हिड मॅकमिलन यांना याच दिशेच्या संशोधनासाठी मिळाले. नारळाची करवंटी, भाताचा तूस, रानातील काटक्याकुटक्या यांपासून केलेला कोळसा उद्या मौल्यवान धातूची जागा घेईल, असे लेख विज्ञानविषयक नियतकालिकांतून येत असतात. कच्चा माल कोळशाचा असेल तर तो कोठून येणार, कोण पाडणार आणि त्याचा दर कोण ठरवणार, हे प्रश्न त्या लेखांत येत नाहीत. ते तेथे येण्याचे कारणही नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने आणि चळवळीच्या कार्यकर्त्याने मात्र ते विचारले पाहिजेत.

प्रथम उत्प्रेरक म्हणजे काय ते पाहू. जो पदार्थ रासायनिक क्रिया घडवून आणतो किंवा तिचा वेग वाढवतो, परंतु स्वतः त्या क्रियेत खर्ची पडत नाही, तो उत्प्रेरक. तेलापासून वनस्पती तूप करताना तेलातून हायड्रोजन सोडतात. परंतु निकेलची बारीक भुकटी नसेल तर तेल तेलच राहते. १९३७ साली बाजारात आलेला डालडा ज्यांच्या घरात होता, त्या सर्वांच्या स्वयंपाकात या निकेलचा हात होता. आजची औषधे, रंग, कीटकनाशके, प्लॅस्टिक यांतील फार मोठा भाग उत्प्रेरकावाचून तयारच होऊ शकत नाही. २०१० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल हेक, नेगिशी व सुझुकी यांना पॅलॅडियमच्या साहाय्याने कार्बनचे अणू एकमेकांना जोडण्याच्या पद्धतींसाठी मिळाले, आणि औषधउद्योग त्या पद्धतींवर फार मोठ्या प्रमाणावर विसंबून आहे.

हे धातू येतात कोठून? जगातील खाणींतून निघणाऱ्या पॅलॅडियमपैकी सुमारे चार पंचमांश रशिया व दक्षिण आफ्रिका या दोनच देशांतून येते. भारतात या गटातील धातूंचे उत्पादन जवळजवळ नाहीच. दक्षिण आफ्रिकेतील मारिकाना येथील प्लॅटिनमच्या खाणीत मजुरीवाढीसाठी संपावर गेलेल्या ३४ खाणकामगारांना १६ ऑगस्ट २०१२ रोजी पोलिसांनी गोळ्या घातल्या. वर्णभेदी राजवट जाऊन अठरा वर्षे झाली होती. खाणमालक आणि खाणकामगार यांच्यातले नाते मात्र गेले नव्हते. त्याच खाणींतून निघणाऱ्या ऱ्होडियमचा भाव मार्च २०२१ मध्ये औंसाला २९,००० डॉलरच्या घरात गेला आणि मग तितक्याच वेगाने कोसळला. या चढउतारांत सटोडियांनी किती कमावले असेल याचा अंदाज कोणीही करावा. बोईसर किंवा वापी येथील पाचपन्नास कामगारांच्या कारखानदाराला त्या भावाशी झुंजणे शक्य नाही. मोठी कंपनी वापरलेला उत्प्रेरक परत शुद्ध करून घेते, आगाऊ खरेदीचे करार करते. छोटा कारखाना तो दलालाला विकतो आणि पुन्हा चढ्या भावाने विकत घेतो.

भावापेक्षाही भयंकर किंमत धातूंनी वसूल केल्याचे उदाहरण जपानात आहे. मिनामाटा येथील चिस्सो कंपनीच्या कारखान्यात ॲसिटाल्डिहाइड तयार करण्यासाठी पाऱ्याचा क्षार उत्प्रेरक म्हणून वापरीत. १९३२ ते १९६८ या काळात तेथील सांडपाणी उपसागरात सोडले जात होते. त्यात तयार झालेला मिथिल पारा माशांत गेला, माशांतून कोळ्यांच्या शरीरांत आणि आईच्या उदरातून जन्माला न आलेल्या मुलांत गेला. १९५६ मध्ये हा रोग अधिकृतपणे नोंदला गेला आणि तरीही पुढे बारा वर्षे कारखाना तीच प्रक्रिया चालवीत राहिला. उत्प्रेरक खर्ची पडत नाही असे पाठ्यपुस्तक सांगते. मिनामाटात तो खर्ची पडत नव्हता हे खरेच. तो गळत होता. पाऱ्याच्या वापरावर बंधने घालणारा २०१३ सालचा आंतरराष्ट्रीय करार या गावाच्या नावाने ओळखला जातो.

तेव्हा धातूला पर्याय शोधण्यामागे शास्त्रज्ञांची लहर नाही, सबळ कारणे आहेत. औषधात शिल्लक राहणाऱ्या पॅलॅडियमला तोंडावाटे दिवसाला १०० मायक्रोग्रॅम एवढीच आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे, आणि तितका धातू काढून टाकण्यासाठी वेगळा खर्च करावा लागतो. कार्बन त्यापासून सुटका करतो. तो कोणत्याही देशात मिळतो, त्यावर कोणत्याही खाणमालकाची मक्तेदारी नाही, आणि तो पाण्यात गेला तरी पाऱ्यासारखा विषारी ठरत नाही.

गंमत अशी की कारखान्यांत कार्बन पूर्वीपासून हजर आहे, पण हमाल म्हणून. पॅलॅडियम बहुधा कोळशाच्या भुकटीवर बसवून वापरतात. भार वाहतो कोळसा आणि नाव होते धातूचे. त्याच्या स्वतःच्या अंगी काही गुण आहेत याकडे लक्ष उशिरा गेले. एथिल बेंझीनपासून स्टायरीन करताना कार्बनचे थर स्वतःच उत्प्रेरकाचे काम करतात असे १९७० च्या दशकाअखेर दिसून आले. १९८५ मध्ये कोरियातील रसायनशास्त्रज्ञांनी हायड्रेझीनच्या जोडीने साधे ग्रॅफाइट वापरून नायट्रो संयुगांपासून अमाइने केली. २०१० मध्ये टेक्सास विद्यापीठातील बिलाव्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्राफीन ऑक्साइडने अल्कोहोलांचे ऑक्सिडीकरण करून दाखवले आणि या विषयाला एकदम प्रतिष्ठा आली. दुसऱ्या बाजूला प्रोलीन या साध्या ॲमिनो आम्लाने स्टेरॉइड औषधांसाठी लागणारे रेणू हवे त्या घडणीत तयार होतात, हे दोन युरोपीय औषध कंपन्यांतील शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धातच प्रसिद्ध केले होते. त्या कामाकडे पाव शतक फारसे कोणी वळले नाही. लिस्ट यांनी २००० मध्ये तो धागा पुन्हा उचलला. स्वस्त, कोठेही मिळणारा आणि ज्यावर मालकी सांगणे अवघड असा पदार्थ भांडवलाला आकर्षक वाटत नाही, अशी शंका येथे घेण्यास जागा आहे.

परंतु पर्याय कार्बनचा आहे एवढ्यावरून तो निर्मळ ठरत नाही. ग्राफीन ऑक्साइड करण्याची रूढ पद्धत तीव्र गंधकाम्ल आणि पोटॅशियम परमँगनेट वापरते. त्यातून निघणारे आम्लयुक्त पाणी कोठे जाणार? शिवाय त्या मार्गाने मँगॅनीजचे अंश कार्बनमध्ये शिरतात, आणि ‘धातूविरहित’ म्हणून गाजलेल्या काही प्रयोगांत खरे काम त्या लपलेल्या धातूनेच केले असावे, असा आक्षेप शास्त्रज्ञांमधूनच पुढे आला आहे. कित्येक प्रयोगांत कार्बनचे वजन मूळ द्रव्याच्या वजनाइतके किंवा त्याहूनही अधिक लागते. असा पदार्थ नावाला उत्प्रेरक आणि व्यवहारात कच्चा माल होय. जे हायड्रेझीन ग्रॅफाइटच्या जोडीला लागते ते स्वतः विषारी आहे. या त्रुटी उद्या दूर होतीलही. आज त्या झाकून कोणी ‘हरित’ हा शिक्का मारीत असेल तर त्यास हटकले पाहिजे.

याविषयी सर्वांत मोठी साक्ष भोपाळची आहे. क्लोरीन व कार्बन मोनॉक्साइड यांपासून फॉसजीन हा विषारी वायू करताना उद्योगात उत्प्रेरक म्हणून वापरतात तो क्रियाशील कोळसाच. त्यात धातू नसतो. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात फॉसजीन जागेवरच तयार होई, आणि त्यापासून मिथिल आयसोसायनेट. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री जे घडले ते उत्प्रेरकामुळे घडले नाही. टाक्यांत साठवलेल्या मालाचे प्रमाण, बंद ठेवलेली शीतयंत्रणा, कामावरून कमी केलेली माणसे आणि सुरक्षिततेच्या खर्चाला लावलेली कात्री यांमुळे ते घडले. कारखान्यात कोणता उत्प्रेरक आहे याइतकेच तो कारखाना कोणाच्या हुकमाने चालतो हेही महत्त्वाचे आहे, आणि या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणतीही प्रयोगशाळा देऊ शकत नाही.

आता झरीच्या भोवताली पाहावे. गावाच्या उत्तरेला गुजरातच्या हद्दीत वापी, दक्षिणेला बोईसरनजीक तारापूर. देशातील रसायन उद्योगाची ही दोन मोठी केंद्रे आणि दोन्हींच्या मध्ये आदिवासींचा मुलूख. १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला व अतिप्रदूषक कारखान्यांना तेथे बंदी झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली त्यासाठी प्राधिकरणही स्थापन झाले. ते योग्यच झाले. परंतु कारखाना सीमेपलीकडे राहिला तरी मजूर सीमेअलीकडचाच जातो, तोही ठेकेदारामार्फत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये केलेल्या गुणांकनात तारापूरला ९३.६९ गुण मिळून ते देशातील सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरले. त्या सांडपाण्याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागावी लागली ती किनाऱ्यावरील मांगेला मच्छीमारांच्या संघटनेला. ११ जानेवारी २०२० रोजी तारापूरच्या एका कारखान्यात स्फोट होऊन आठ जण मेले.

या कारखान्यांत होणारे एक जुने काम म्हणजे नायट्रो संयुगाचे अमाइन करणे; रंग आणि औषधे यांच्या निम्म्या वाटा त्यातून जातात. त्यासाठी शंभर वर्षांहून जुनी पद्धत लोखंडाच्या चुऱ्याची. तीत मालाबरोबर लोखंडाचा काळा गाळ ढिगांनी निघतो. राजस्थानातील उदयपूरजवळच्या बिछडी गावात एच-आम्ल करणाऱ्यांनी असाच गाळ उघड्यावर टाकला. विहिरींचे पाणी काळे पडले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात, प्रदूषण करणाऱ्यानेच ते निस्तरण्याचा खर्च सोसावा हे तत्त्व लागू केले. कार्बनी उत्प्रेरकाचा खरा उपयोग या ठिकाणी आहे. नोबेलच्या झगमगाटापेक्षा हे गाळाचे ढीग कमी करणे हे कितीतरी मोठे काम आहे, पण त्यात नवे पेटंट नाही, निर्यातीची जाहिरात नाही, म्हणून त्याला पैसा मिळत नाही.

पैसा कोणी घालावा, याचे उत्तर या देशाने एकदा दिले होते. १९५० मध्ये पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा उभी राहिली. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवरील मालकी अमान्य केली व केवळ प्रक्रियेवरील मालकी मान्य केली. प्रक्रिया बदलली की परदेशी कंपनीच्या पाशातून सुटका, असा तो कायदा होता. आणि प्रक्रियेचा गाभा म्हणजे उत्प्रेरक. भारतात औषधे स्वस्त झाली यामागे प्रक्रिया शोधून काढणाऱ्या शास्त्रज्ञांचा मोठा वाटा आहे, आणि त्यांना वाव मिळाला यामागे त्या कायद्याचा. २००५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या दडपणाखाली रेणूवरील मालकी परत आली. तरीही पुण्याच्या प्रयोगशाळेत काम थांबले नाही. प्रोलीनच्या साहाय्याने औषधांचे रेणू घडवण्याचे काम ए. सुदलई व प्रदीप कुमार यांनी केले. कार्बीन वर्गाच्या सेंद्रिय उत्प्रेरकांवर ए. टी. बिजू यांनी तेथे अनेक वर्षे संशोधन केले. इंधनघटातील प्लॅटिनमची जागा घेऊ शकेल अशा नायट्रोजनयुक्त कार्बनवर श्रीकुमार कुरुंगोट यांचा गट काम करीत आला आहे. हे सारे जनतेच्या पैशातून झाले आहे. त्याचे फळ प्रथम तारापूरच्या छोट्या कारखान्यांना आणि त्यांच्या कामगारांना मिळावे, अशी मागणी करणे हा हक्क आहे. आज घडते ते उलट: सार्वजनिक प्रयोगशाळांनी स्वतःच्या कमाईवर जगावे असा आग्रह धरला जातो, आणि कमावायचे म्हटले की जो मोठी किंमत देतो त्याच्याकडे ज्ञान जाते.

चळवळीतील काही जण म्हणतात की हा तांत्रिक प्रश्न आहे. आपण मजुरीचे व जमिनीचे बघावे. या म्हणण्यात तथ्य नाही. लोखंडाचा गाळ फावड्याने भरणारा माणूस ठेकेदाराचा मजूर असतो, आणि त्याच्या फुफ्फुसात काय जाते हे कोणत्या उत्प्रेरकाने काम चालते यावर अवलंबून असते. प्रक्रियेचे नाव, तिच्यातील द्रव्ये आणि त्यांचे धोके मराठीत व गुजरातीत कारखान्याच्या दारावर लिहिलेले असावेत, ठेक्याच्या मजुरालाही ते वाचून दाखवले जावेत, आणि प्रक्रिया बदलताना कामगार संघटनेशी आधी बोलणे व्हावे, या मागण्या मजुरीच्या मागणीइतक्याच जुन्या असायला हव्या होत्या. नवी प्रक्रिया आली की गाळ उपसणाऱ्यांची गरज कमी होईल, हेही लपवून चालणार नाही. त्या माणसांना त्याच कारखान्यात दुसरे काम मिळणार की घरी पाठवणार, हे आधी लिहून घेतले पाहिजे.

राहिला प्रश्न कोळशाचा. उत्प्रेरकाला लागणारा कार्बन तुलनेने थोडा असतो, तेव्हा त्यातून डहाणू-तलासरीच्या आदिवासींना मोठा रोजगार मिळेल असे कोणी सांगू लागला तर त्यावर विश्वास ठेवू नये. परंतु क्रियाशील कोळसा पाणी शुद्ध करण्यासाठी, वायू गाळण्यासाठी, विद्युतघटांसाठीही लागतो, आणि या सर्वांची मागणी एकत्र झाली की काडीकचऱ्यालाही गिऱ्हाईक येते. आज ज्याला कोणी ‘टाकाऊ’ म्हणतो तो पाचोळा शेताचे राब भाजायला, काटक्या चुलीला, गवत छपराला आणि गुरांना लागते. शहरातील अहवालात जे टाकाऊ ठरते ते पाड्यावर बहुधा कोणाच्या तरी वापरात असते. साध्या मातीच्या भट्टीत पाचसहा किलो लाकूड जळते तेव्हा जेमतेम किलोभर कोळसा हाती लागतो, हा हिशेब ठाणे जिल्ह्यातील भट्ट्यांवर राबलेल्या कातकऱ्यांना कोणी शिकवावा लागत नाही. लाकूड कोणाचे, धूर कोणाच्या डोळ्यांत आणि पैसा कोणाच्या पेटीत, हेही त्यांना ठाऊक आहे.

१९४७ नंतर बाळासाहेब खेर यांच्या सरकारने ठेकेदारांना हटवण्यासाठी जंगल कामगारांच्या सहकारी संस्था काढल्या. हेतू चांगला होता, आणि काही संस्थांनी चांगले कामही केले. परंतु कित्येक ठिकाणी सभासदांची नावे आदिवासींची आणि व्यवहार जुन्याच ठेकेदाराचा अशी अवस्था झाली. कारण लाकडाचा भाव संस्थेबाहेर ठरत होता आणि हिशेबाची वही सभासदांना वाचता येत नव्हती. आज परिस्थिती एका बाबतीत वेगळी आहे. १९९६ चा पेसा कायदा व २००६ चा वनहक्क कायदा यांनी गौण वनोपजावर ग्रामसभेचा हक्क मान्य केला आहे. बांबू, झुडपे, खोडांचे बुंधे हे त्यात येतात. राज्याचे पेसा नियमही २०१४ मध्ये झाले. म्हणजे कोळशासाठी कोणी कंपनी वा तिचा दलाल रानात उतरला तर त्याला प्रथम ग्रामसभेसमोर बसावे लागेल, निदान कागदावर तरी.

तेथे बसल्यावर विचारायचे प्रश्न आत्ताच तयार ठेवता येतील. माल वजनावर घेणार की दिवसाच्या मजुरीवर? वजन कोणाच्या काट्यावर? ओला की सुका? भट्टी गावात राहणार आणि क्रियाशील करण्याचे, म्हणजे किंमत अनेक पटींनी वाढवण्याचे काम वापीला जाणार, की तेही ग्रामसभेच्या संस्थेकडे येणार आणि त्याचे शिक्षण पुण्याची प्रयोगशाळा देणार? चुलीपुरते सरपण आणि राबापुरता पाचोळा आधी बाजूला काढला जाणार की नाही? १९४५ मध्ये पाचशे पौंड गवत आणि अडीच रुपये हे आकडे काढायला झरी आणि तलवाडा यांच्या दरम्यान एक पावसाळा जावा लागला होता. कोळशाच्या किलोचा आकडा काढायला तालुका समितीने येत्या शिमग्याच्या आत सुरुवात करावी, कारण दलालाचा आकडा तयारच असतो.